यकृतात एसओडी वाढले, म्हणून वार्धक्य मंदावले असे लिहावे का?

तुमचा प्रश्न मला कळला तसा आधी पुन्हा मांडतो. लातूर जिल्ह्यातील तुमच्या महाविद्यालयात तुम्ही चौदा महिन्यांच्या विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांना दोन महिने शेवग्याच्या पाल्याचा अर्क तोंडावाटे दिलात. प्रत्येक गटात सहा प्राणी होते. शेवटी यकृत तपासले, तेव्हा कंट्रोल गटाच्या तुलनेत अर्क दिलेल्या गटात सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, म्हणजे एसओडी, स्पष्ट वाढलेले निघाले, कॅटालेज थोडे घटलेले निघाले आणि एमडीए (मॅलोनडायअल्डिहाइड, मेदाच्या ऑक्सिडीभवनाने होणाऱ्या नुकसानाचे माप) जवळपास तेवढेच राहिले. प्रबंधाच्या निष्कर्षात ‘हा अर्क वार्धक्याची प्रक्रिया मंदावतो’ असे वाक्य असावे असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे आणि मौखिक परीक्षेत ते टिकेल का, ही तुमची काळजी आहे.

ते वाक्य या प्रयोगातून निघत नाही, असे माझे मत आहे. तुमचे आकडे मात्र टाकाऊ नाहीत. त्यांच्यातून जे निघते ते नेमक्या शब्दांत लिहिले तर प्रबंध उलट भक्कम होईल. परभणी आणि नांदेड येथील प्राणिप्रयोगशाळांत तेवीस वर्षे हेच मोजमाप करण्यात गेल्यामुळे यातील अडचणी मला जवळून माहीत आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मराठीत आपण रॅट आणि माऊस या दोघांनाही उंदीरच म्हणतो, पण इथे दोघांचे निष्कर्ष निरनिराळे असल्यामुळे पुढे मी रॅट आणि माऊस असेच शब्द वापरीन.

खरी अडचण अशी आहे की चार वेगवेगळी विधाने आपण नकळत एकाच वाक्यात कोंबतो. एखाद्या संरक्षक एन्झाइमची क्रियाशीलता वाढली, हे एक विधान झाले. त्यामुळे ऊतींचे ऑक्सिडेटिव्ह नुकसान, म्हणजे ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांनी होणारे नुकसान, कमी झाले, हे दुसरे. नुकसान कमी झाल्यामुळे अवयवाचे काम अधिक काळ नीट चालले, हे तिसरे; आणि प्राणी उशिरा म्हातारा झाला किंवा अधिक जगला, हे चौथे. तुमच्याकडे पहिल्याचा पुरावा आहे. दुसऱ्यासाठी तुम्ही एमडीए मोजलेत आणि ते बदललेले नाही, म्हणजे तुमचा स्वतःचाच आकडा दुसऱ्या विधानाला दुजोरा देत नाही. तिसरे आणि चौथे तुम्ही तपासलेलेच नाही. मौखिक परीक्षेत जाणकार परीक्षक बोट ठेवील ते नेमके इथेच.

आता एसओडी वाढणे आणि कॅटालेज घटणे या जोडीकडे पाहू, कारण तुमच्या निकालातील सर्वांत बोलका भाग मला तो वाटतो. पेशीत ऑक्सिजन वापरला जाताना, विशेषतः तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियामध्ये), थोडे सुपरऑक्साइड तयार होत राहते. एसओडी त्याचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. पुढे कॅटालेज, ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन ही प्रथिने त्या पेरॉक्साइडचे पाणी करतात. म्हणजे एसओडीचे काम संपते तिथे धोका संपत नाही, तो पुढच्याच्या हाती दिला जातो. आणि पेरॉक्साइड साचून त्याची गाठ मोकळ्या लोहाशी पडली तर हायड्रॉक्सिल मूलक (रॅडिकल) तयार होते, जे या सगळ्यांत अधिक घातक असते. कालव्याचे दार जास्त उघडले आणि खालची चारी गाळाने तुंबलेली असली, तर शेवटच्या शेताला पाणी मिळत नाही आणि मधल्या शेतात मात्र साचते, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते आणि एसओडी-१ या पेशीद्रवातील एसओडीचे जनुक त्याच गुणसूत्रावर आहे, त्यामुळे त्या व्यक्तींच्या पेशींत हे एन्झाइम जास्त असते. तरीही त्यांच्यात ऑक्सिडेटिव्ह ताण कमी आढळत नाही, उलट वाढलेला आढळतो आणि वार्धक्याची काही लक्षणे लवकर दिसतात. या अवस्थेमागे पुष्कळ जनुकांचा हात आहे, त्यामुळे सगळा दोष एसओडीवर टाकता येणार नाही, पण ‘एसओडी जास्त म्हणजे संरक्षण जास्त’ हे समीकरण तिथे लागू पडत नाही एवढे नक्की.

त्याशिवाय वाढलेल्या एसओडीचा आणखी एक अर्थ संभवतो. शेवग्याच्या पाल्यात आयसोथायोसायनेट गटातील संयुगे असतात. अशी संयुगे पेशीला सौम्यपणे डिवचतात, मग एनआरएफ-२ हे नियंत्रक प्रथिन जागे होते आणि पेशी अनेक संरक्षक प्रथिनांचे उत्पादन वाढवते. ही घटना हितकारक असू शकते, परंतु तिच्या मुळाशी पेशीला जाणवलेला ताण आहे. घराला कुलपे वाढली याचे कारण घरमालक अधिक सावध झाला हे असेल, किंवा गल्लीत चोऱ्या वाढल्या हेही असेल. नुसती कुलपे मोजून या दोहोंतला फरक सांगता येत नाही. म्हणून एन्झाइमबरोबर नुकसानाचे माप घ्यावेच लागते आणि दोन्ही एकत्र वाचावी लागतात.

मार्गदर्शकांचा आग्रह कोठून आला असेल तेही समजून घ्यायला हवे, कारण एके काळी तो अगदी योग्य ठरला असता. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी मुक्त मूलकांमुळे होणाऱ्या साचत्या नुकसानातून वार्धक्य येते अशी कल्पना मांडली. १९६९ मध्ये जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी गाईच्या तांबड्या पेशींतील तांबेयुक्त प्रथिन हे खरे तर सुपरऑक्साइडचा निकाल लावणारे एन्झाइम आहे असे दाखवले, तेव्हा हार्मन यांच्या कल्पनेला मोठेच बळ मिळाले. शरीराने मुद्दाम असे प्रथिन बाळगले आहे, त्या अर्थी शत्रू खरा असला पाहिजे, हा तर्क कोणालाही पटण्यासारखा होता. १९९४ मध्ये विल्यम ऑर आणि राजिंदर सोहल यांनी फळमाशीत एसओडी आणि कॅटालेज या दोहोंच्या जनुकांच्या जादा प्रती घातल्या आणि माश्यांचे आयुष्य सुमारे एक तृतीयांशापर्यंत वाढल्याचे सांगितले. मी विद्यार्थी असताना हा प्रयोग आम्हाला शेवटचा शब्द म्हणून शिकवला गेला.

त्यानंतर काय झाले हे आपल्याकडच्या वर्गांत फारसे पोचलेले नाही. २००३ मध्ये त्याच संशोधकांनी मुळात दीर्घायुषी असलेल्या माश्यांवर हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा लाभ दिसला नाही. तुलनेसाठी घेतलेली माशी मुळातच अल्पायुषी असली, तर तिच्यातील एखादी उणीव भरून निघाल्याचा परिणाम दीर्घायुष्यासारखा भासतो. स्वतःचा गाजलेला निकाल स्वतःच पुन्हा तपासून बदलणारे संशोधक मला फार आदरणीय वाटतात.

माऊसवरील प्रयोग अधिक निर्णायक आहेत. तंतुकणिकांमधील एसओडी-२ पूर्णपणे काढून टाकले तर पिले जन्मानंतर काही दिवसांतच दगावतात, म्हणजे हे प्रथिन जगण्यासाठी अत्यावश्यक आहे यात शंका नाही. पण त्याचे प्रमाण निम्मे केलेल्या माईसमध्ये (माऊसचे अनेकवचन) आयुष्यभर डीएनएचे ऑक्सिडेटिव्ह नुकसान अधिक राहिले, कर्करोगाचे प्रमाणही वाढले, आणि तरीही त्यांचे आयुर्मान कमी झाले नाही. हा निकाल २००३ मधील आहे. पेशीद्रवातील एसओडी-१ काढल्यावर मात्र आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी घटते आणि यकृताचा कर्करोग व स्नायूंची झीज दिसते. उलट दिशेने, टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील आर्लन रिचर्डसन यांच्या गटाने २००९ मध्ये एसओडी-१, कॅटालेज आणि त्यांच्या जोड्या वाढवलेल्या माईसचे आयुष्य मोजले आणि त्यात वाढ आढळली नाही. केवळ कॅटालेज तंतुकणिकांच्या आत नेऊन ठेवले तेव्हा, २००५ च्या एका प्रयोगात, माईस सरासरी सुमारे पाच महिने जास्त जगले. एन्झाइम एकच, पण पेशीतील जागा बदलल्याबरोबर निकाल बदलला, ही गोष्ट तुम्ही प्रबंधाच्या चर्चेत आवर्जून लिहावी, कारण अख्ख्या यकृताच्या होमोजिनेटमध्ये (ऊती वाटून केलेल्या मिश्रणात) एसओडी मोजताना आपण नेमकी ही जागेचीच माहिती पुसून टाकतो.

सी. एलेगन्स या सूक्ष्म गोलकृमीने तर या सिद्धान्ताच्या साध्या रूपाला सर्वांत मोठा धक्का दिला. माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात व्हॅन रॅम्सडॉंक आणि हेकिमी यांनी २००९ मध्ये दाखवले की एसओडी-२ नसलेले कृमी अधिक जगतात. आणि २०१२ मध्ये, एसओडीची पाचही जनुके काढून टाकलेले कृमी नेहमीइतकेच जगतात, मात्र बाहेरून ताण दिला की ते फार लवकर मरतात. माझ्या मते या एका निकालात तुमच्या प्रश्नाचे सार आहे: ताण सोसण्याची शक्ती आणि संथ वार्धक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आफ्रिकेतील नेकेड मोल रॅट हा प्राणी आकाराने माऊसएवढा असूनही तीस वर्षांहून अधिक जगतो आणि त्याच्या ऊतींत तरुणपणीही ऑक्सिडेटिव्ह नुकसान माऊसपेक्षा जास्त आढळते. ऑक्सिडेटिव्ह नुकसान म्हातारपणी वाढते हे बहुतेक प्राण्यांत खरे आहे, रोगांत त्याचा हात आहे हेही खरे आहे. परंतु वार्धक्याचा वेग तेच ठरवते, असे आज म्हणता येत नाही.

आता मोजमापाकडे वळतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगांचे भवितव्य इथेच ठरते.

यकृत काढण्यापूर्वी तुम्ही थंड सलाईन सोडून त्यातील रक्त धुऊन काढले होते का, हा माझा पहिला प्रश्न आहे. तांबड्या पेशी एसओडी-१ आणि कॅटालेज या दोन्हींनी भरलेल्या असतात. दोन गटांतील यकृतांत रक्ताचे प्रमाण कमीजास्त राहिले, तर तुमच्या आकड्यांतील काही फरक यकृताचा नसून रक्ताचा असतो. यकृत कापल्यावर एकसारखे फिकट तपकिरी दिसले असेल तर काळजीचे कारण नाही. लालसर चट्टे असतील तर होमोजिनेटमधील हिमोग्लोबिन मोजून तशी दुरुस्ती करावी लागते.

दुसरा प्रश्न साठवणुकीचा. कॅटालेज नाजूक असते. नमुना वितळला आणि पुन्हा गोठला की त्याची क्रियाशीलता घटते, एसओडी-१ मात्र बरेच टणक असते आणि टिकून राहते. म्हणजे एसओडी चांगले आणि कॅटालेज कमी, हा नमुना जीवशास्त्रामुळे जसा येतो तसा खराब फ्रीझरमुळेही येतो. माझ्या उमेदीच्या काळात एका एप्रिल महिन्यात भारनियमनामुळे आमचा डीप फ्रीझर रात्री काही तास बंद राहिला आणि सकाळी तो पुन्हा सुरू झालेला असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. एका गटाचे नमुने त्याआधीच मोजून झाले होते आणि दुसऱ्याचे नंतर मोजले गेले. आम्हाला जो फरक दिसला त्यावर आम्ही दोन महिने चर्चा केली, सारांश लिहिला, आणि फ्रीझरमधील बर्फाचा डबा वितळून तिरका गोठलेला दिसला तेव्हा कुठे उलगडा झाला. ते सगळे नमुने आम्ही बाद केले. त्या प्रयोगात जीव गेलेल्या चोवीस प्राण्यांचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून प्रत्येक फ्रीझरमध्ये गोठवलेल्या पाण्यावर एक नाणे ठेवण्याची पद्धत मी पाळतो. नाणे बुडालेले दिसले की मधल्या काळात बर्फ वितळला होता हे कळते. त्याचबरोबर दोन्ही गटांचे नमुने एकाच दिवशी, एकाआड एक मोजतो.

तुम्ही एसओडी पायरोगॅलॉल पद्धतीने मोजले असे लिहिले आहे. ४२० नॅनोमीटरवर पायरोगॅलॉलचे आपोआप होणारे ऑक्सिडीभवन एसओडी किती रोखते, यावर ती पद्धत उभी आहे आणि त्या अभिक्रियेचा वेग तापमानावर फार अवलंबून असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि वातानुकूलन नसलेल्या खोलीत सकाळचे रीडिंग व दुपारचे रीडिंग यांची तुलनाच होऊ शकत नाही. प्रत्येक फेरीत कोरा नमुना (ब्लँक, म्हणजे ऊती न घातलेला) नव्याने लावला असेल तर ठीक. सकाळचा एकच कोरा नमुना दिवसभर वापरला असेल, तर वाढलेल्या एसओडीवर मी विश्वास ठेवणार नाही.

एमडीएची थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी स्वस्त आहे आणि ५३२ नॅनोमीटरवर दिसणारा गुलाबी रंग डोळ्यांना भुरळ घालतो, पण ती केवळ एमडीए मोजत नाही. साखर, बिलिरुबिन आणि इतर काही पदार्थही तिच्यात रंग देतात, आणि आम्लात उकळताना चाचणीनळीतच नवे ऑक्सिडीभवन होते, म्हणून बीएचटी हे ऑक्सिडीभवन रोखणारे रसायन घालून ते थांबवावे लागते. त्यामुळे तुमचे एमडीए बदलले नाही यावरून नुकसान बदललेच नाही, असेही ठामपणे लिहू नका. प्रथिनांचे ऑक्सिडेटिव्ह नुकसान दाखवणारे कार्बोनिल गट डीएनपीएच या रसायनाच्या पद्धतीने मोजा. नीट गोठवून ठेवलेल्या नमुन्यांत ते अजून मोजता येतील आणि त्यासाठी एकही नवा प्राणी लागणार नाही. ग्लुटाथिओन (पेशीतील एक संरक्षक रेणू) मात्र जुन्या नमुन्यांत मोजू नका, कारण ऊती काढताक्षणी आम्लात टाकली नसेल तर ते आपोआप ऑक्सिडित होते आणि फसवे आकडे देते.

वयाचेही पाहा. चौदा महिन्यांचा विस्टार रॅट प्रौढ असतो, वृद्ध नसतो. वार्धक्याविषयी बोलायचे तर साधारण २४ महिन्यांचे प्राणी घ्यावेत आणि सोबत तीनचार महिन्यांचा तरुण गटही ठेवावा, म्हणजे वयाने नेमके काय बदलले आणि अर्काने त्यातले किती परत आणले, हे दिसते. तुमच्याकडे तरुण गट नसल्यामुळे तुमच्या प्राण्यांत वयामुळे एसओडी मुळात घटले होते का, हेच ठाऊक नाही. शिवाय पिंजराघर उन्हाळ्यात किती तापत होते, याची नोंद द्या. उष्णतेचा ताण हा स्वतःच ऑक्सिडेटिव्ह ताण आहे आणि कूलर एका भिंतीला असेल तर त्या बाजूचे पिंजरे व पलीकडचे पिंजरे वेगळ्या हवामानात राहतात. दोन्ही गटांचे पिंजरे आठवड्याला जागा बदलून ठेवले होते की एक गट सगळा काळ कूलरजवळ होता, हे परिस्थितीवर अवलंबून असलेले प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे केवळ तुम्हीच देऊ शकता. सहाही प्राणी एकाच पिंजऱ्यात असतील, तर संख्याशास्त्राच्या दृष्टीने सहा स्वतंत्र नमुने झाले असे म्हणणेही कठीण आहे.

एक गोष्ट बहुतेक प्रबंधांत राहून जाते, ती खाण्याची. क्लाइव्ह मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दाखवले की पोषक घटक पुरेसे ठेवून रॅटचे खाणे कमी केले तर ते अधिक जगतात. शेवग्याच्या पाल्याचा अर्क उग्र असतो. त्यामुळे तुमच्या प्राण्यांची भूक मंदावली असेल, तर दिसलेला बदल अर्काचा आहे की कमी खाण्याचा, हे सांगता येणार नाही. रोजच्या खाद्याचे वजन आणि आठवड्याचे शरीराचे वजन यांचा तक्ता प्रबंधात असायलाच हवा.

मी इतका आग्रह धरतो याचे एक कारण प्रयोगशाळेबाहेरचे आहे. आपल्या भागातील आठवडी बाजारांत आणि औषधांच्या दुकानांत ‘म्हातारपण दूर ठेवणाऱ्या’ भुकट्या विकल्या जातात आणि त्यांच्या वेष्टनांवर आपल्यासारख्यांच्या प्रबंधांतील वाक्ये आधार म्हणून छापलेली मी पाहिली आहेत. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपानकर्त्यांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि अमेरिकेतील सिलेक्ट चाचणीत ई-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये समोर आले. शेवग्याची भाजी घरात अवश्य खावी, ती उत्तम अन्न आहे. पण कापसाचे पैसे आल्यावर आईवडिलांसाठी महागडी भुकटी नेणाऱ्या माणसाला आपल्या प्रबंधातील एका सैल वाक्याचा भुर्दंड बसू नये, असे मला मनापासून वाटते.

तर निष्कर्षात साधारण असे लिहा: ‘चौदा महिन्यांच्या विस्टार रॅटमध्ये दोन महिने अर्क दिल्यानंतर यकृतातील एसओडीची क्रियाशीलता वाढली, कॅटालेजची काहीशी घटली व एमडीएमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही, हा बदल संरक्षणक्षमतेतील वाढ दर्शवतो की अर्कामुळे पेशीला जाणवलेला सौम्य ताण, हे या प्रयोगातून ठरवता येत नाही.’ मार्गदर्शकांना दाखवताना वरील माईसच्या आणि कृमींच्या प्रयोगांचा आधार द्या. माझा अनुभव असा आहे की ज्येष्ठ मंडळींना नकार ऐकवण्यापेक्षा अधिक चांगले वाक्य हातात दिले तर ती ते आनंदाने स्वीकारतात.

पुढे काम वाढवायचे असेल, तर राहिलेल्या नमुन्यांत वेस्टर्न ब्लॉटने (प्रथिने वेगळी करून ओळखण्याच्या पद्धतीने) एसओडी-१ आणि एसओडी-२ वेगवेगळे तपासा, म्हणजे वाढ पेशीद्रवातील आहे की तंतुकणिकांमधील, हे कळेल. आयुर्मानाचा प्रश्न खरोखर हाताळायचा असेल, तर रॅटवर तीन वर्षे घालवण्याऐवजी आधी फळमाशी घ्या. मक्याच्या पिठाच्या खाद्यावर ती वाढते, दोनतीन महिन्यांत तिचे आयुष्य संपते आणि प्रत्येक गटात शंभर माश्या सहज ठेवता येतात. फक्त माश्या अर्क घातलेले खाद्य कंट्रोल इतकेच खातात की नाही, हे खाद्यात निरुपद्रवी रंग मिसळून तपासा.

यकृत धुतले होते का, नमुने किती वेळा वितळले, कोरे नमुने किती वेळा लावले आणि खाद्याच्या नोंदी आहेत का, एवढे चार तपशील कळवा. कॅटालेजची घट खरी मानायची की नाही, हे त्यानंतर सांगता येईल.